विश्रामबागेचा गांधार

सांगलीहून मिरजेकडे निघाले की वाटेत विश्रामबाग लागते. पुण्याच्या विश्रामबागवाड्याशी हिचा काही संबंध नाही, हे बाहेरगावच्या वाचकांसाठी आधीच सांगून टाकतो. नावात विश्राम आहे, पण सकाळी दहाच्या सुमारास येथे तो कोणाच्या वाट्याला येत असेल असे वाटत नाही. कॉलेजे, शाळा, शिकवण्यांचे वर्ग आणि त्यांच्याकडे धावणारी पोरे. या धावपळीच्या मधोमध झाडांच्या सावलीत विलिंग्डन कॉलेज उभे आहे. डेक्कन एज्युकेशन सोसायटीने ते १९१९ साली काढले. मी त्या कॉलेजात कधी शिकलो नाही. मॅट्रिक झालो, मास्तर झालो, आणि वेळ उरला तेव्हा कादंबऱ्या लिहिल्या. पण त्या आवारात आणि त्याच्या आसपासच्या चार-सहा मैलांत एके काळी एका प्रश्नाचा जो पाठलाग झाला, त्याची हकीकत मला कोणत्याही कादंबरीपेक्षा सुरस वाटत आली आहे.

प्रश्न ऐकायला अगदी साधा आहे. गवई 'ग' म्हणतो, तो गांधार नेमका असतो कोठे?

आपल्याकडचे जुने उत्तर असे की सप्तकात बावीस श्रुती आहेत. भरताने नाट्यशास्त्रात त्यांची वाटणी सांगितली आहे. षड्जाला चार, ऋषभाला तीन, गांधाराला दोन, मध्यमाला चार, पंचमाला चार, धैवताला तीन आणि निषादाला दोन. बेरीज करून पाहा, बावीसच येते. भरताने दोन वीणा घ्यायला सांगितल्या. एकीच्या तारा हलवायच्या नाहीत, दुसरीच्या पायरीपायरीने उतरवीत जायच्या, आणि कानाने फरक ओळखायचा. प्रयोग मोठा सुंदर आहे. पण प्रत्येक श्रुतीचे माप किती, हे भरताने आकड्यात दिले नाही. त्याच्या काळच्या ऐकणाऱ्यांना ते विचारावेसे वाटले नसेल. आपल्या काळच्या लोकांना मात्र आकडा हवा होता.

तो आकडा काढायला जे पहिले गृहस्थ सरसावले, ते गवई नव्हते. कृष्णाजी बल्लाळ देवल हे सरकारी नोकरीत डेप्युटी कलेक्टर होते. देवल घराणे सांगलीजवळच्या हरिपूरचे, कृष्णा-वारणेच्या संगमावरचे. 'शारदा' आणि 'संशयकल्लोळ' लिहिणारे गोविंद बल्लाळ देवल हे यांचे धाकटे बंधू. एका घरात एक भाऊ पदे रचतो आहे आणि दुसरा त्या पदांतले स्वर तारेवर मोजतो आहे, हे चित्र मनात आणले की मला नेहमी मौज वाटते. धाकट्या भावाची पदे महाराष्ट्राच्या ओठांवर बसली. थोरल्याचे नाव आज सांगलीतही विचारून पाहावे लागते.

थोरल्या देवलांची पद्धत त्यांच्या पेशाला साजेशीच होती. महसूल खात्यातला माणूस जमिनीच्या तंट्यात शेतकऱ्याच्या आठवणीवर विसंबत नाही. साखळी टाकतो, मोजतो आणि हद्दीचा दगड पुरतो. देवलांनी सप्तकाची अशीच मोजणी आरंभिली. ताणलेल्या तारेखाली मापपट्टी असलेले यंत्र त्यांनी घेतले आणि गाणाऱ्याचा स्वर त्या तारेशी जुळवून लांबी टिपली. गाणाराही साधासुधा मिळाला नाही. किराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब या शोधात त्यांचे सोबती झाले. खाँसाहेबांच्या गळ्यातला स्वर म्हणजे दगड पुरायला याहून नेमकी जागा कोणती? १९१० साली देवलांचे इंग्रजी पुस्तक निघाले. हिंदू स्वरसप्तक आणि त्यातल्या बावीस श्रुती हाच त्याचा विषय आणि हेच त्याचे नाव.

आता थोडे गणित. दिवाळीत गणित कसले, असे कोणी म्हणू नये, कारण याशिवाय पुढची हकीकत कळायची नाही. समजा षड्जाची सेकंदाला २४० आंदोलने धरली. मग पंचम त्याच्या दीडपट, म्हणजे ३६०. मध्यम ३२०. वरचा षड्ज दुप्पट, ४८०. आणि गांधार सव्वापट, म्हणजे ३००. हे अपूर्णांक कोणी खोलीत बसून ठरविलेले नाहीत, तार स्वतःच ते सांगते. घरात सतार असेल तर शाळेची पट्टी घेऊन मुलांनी पाहावे. सतराव्या शतकातल्या अहोबल पंडिताने 'संगीतपारिजात' ग्रंथात हेच करून ठेवले आहे. तारेच्या बरोबर मध्यावर वरचा षड्ज, तारेचा आरंभ आणि तो मध्य यांच्या अर्ध्यावर मध्यम, आणि तारेचे तीन समान भाग केले की पहिल्या भागाच्या शेवटी पंचम. तार ३६ इंचांची असेल तर त्या जागांपासून पुढे वाजणारी तार १८, २७ आणि २४ इंच भरते.

घरात पेटी असेल तर भानगड तेथे सुरू होते. पेटीत सप्तकाचे बारा सारखे तुकडे पाडलेले असतात. त्यामुळे कोणत्याही पट्टीतून सुरू करता येते, आणि ही सोय मोठी आहे. पण तिची किंमत गांधाराने मोजली. पेटीचा गांधार ३०० वर न बसता ३०२.४ वर बसतो. अडीच आंदोलनांनी काय होते, असे आपण म्हणू. मिरजेचा तंबोरा मात्र तसे म्हणणार नाही.

मिरज येथून हाकेच्या अंतरावर. तेथे शिकलगारांच्या घराण्यात एकोणिसाव्या शतकापासून तंबोरे होतात. भोपळ्याचा तुंबा, वर घोडी, आणि घोडी व तार यांच्यामध्ये सरकवलेला सुताचा धागा. हा धागा तसूभर इकडे-तिकडे केला की एकाएकी तार बोलू लागते. त्याला जवारी लागली म्हणतात. लागलेल्या तंबोऱ्याची खर्जाची तार छेडली की तिच्यातून न छेडलेला गांधार ऐकू येतो. गवई त्याला स्वयंभू गांधार म्हणतात. याचे कारण असे की तार नुसती एका आंदोलनसंख्येने हलत नाही. तिच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट अशी आंदोलने एकाच वेळी चालू असतात. खर्ज १२० चा असेल तर त्याची पाचपट ६००, म्हणजे वरच्या सप्तकातला बरोबर शुद्ध गांधार. पेटीवर तोच स्वर दाबा. तो ६०४.८ चा निघेल. दोन्ही नाद एकमेकांवर आदळतात आणि सेकंदाला जवळजवळ पाच हेलकावे ऐकू येतात. ज्याने हे एकदा नीट ऐकले, त्याला ते पुन्हा ऐकू न येणे शक्य नाही.

जवारीचे हे रहस्य सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनाही मोहवून गेले होते. १९२१ साली त्यांनी आपल्या तंतुवाद्यांवर लिहिताना दाखविले की तंबोऱ्याच्या वक्र घोडीमुळे जे अंशस्वर नियमाप्रमाणे उमटू नयेत तेही उमटतात. मिरजेच्या कारागिराने नियम वाचला नव्हता, म्हणून तो मोडताना त्याला भीती वाटली नाही.

पण मी पुढे गेलो. देवलांच्या मोजणीला एक इंग्रज पाठीराखा मिळाला. अर्नेस्ट क्लेमंट्स हे मुंबई इलाख्यातले जिल्हा न्यायाधीश. साहेब दिवसा फौजदारी-दिवाणी खटले ऐकत आणि उरलेल्या वेळी राग ऐकत. १९१३ साली त्यांनी भारतीय संगीताच्या अभ्यासाची ओळख करून देणारे पुस्तक लंडनहून प्रसिद्ध केले. आजचे हिंदुस्थानी संगीत आणि प्राचीन शास्त्र यांचा मेळ घालण्याचा प्रयत्न, असे त्याच्या उपशीर्षकातच म्हटले आहे. न्यायाधीशाला दोन पक्षांत तडजोड झालेली बरी वाटते, त्यातलाच हा प्रकार. शिवाय निकाल लागला की अंमलबजावणी हवी. म्हणून श्रुती दाखविणारी खास हार्मोनियम तयार करविण्यात आली. बारा पट्ट्यांनी केलेला अन्याय जादा पट्ट्यांनी भरून काढायचा, असा तो हुकूमनामा होता.

या हुकूमनाम्यावर अपील झाले १९१६ च्या मार्चमध्ये, बडोद्याला. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने तेथे पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली होती. देवल, क्लेमंट्स आणि खाँसाहेब आपले श्रुतिशास्त्र घेऊन गेले. समोर उभे राहिले ते वकील. विष्णु नारायण भातखंडे १८८७ साली एल्एल्. बी. झाले, काही काळ कराचीला आणि मग मुंबईला त्यांनी वकिली केली, आणि पुढे ती सोडून दिली. काळा डगला सोडला, पण उलटतपासणी सोडली नाही. १९०४ साली ते दक्षिणेत गावोगाव हिंडले. एट्टयपुरम् येथे सुब्बराम दीक्षितांना भेटले, ग्रंथ मिळविले, पंडितांना प्रश्न विचारले. शास्त्राचे नाव घेणाऱ्या प्रत्येकाला त्यांचा एकच सवाल असे. ग्रंथ कोणता, त्यात कोठे लिहिले आहे, आणि तुम्ही आज गाता त्याच्याशी ते जुळते काय? त्यांची 'हिंदुस्थानी संगीत पद्धती' काढून पाहावी. चार भाग, सारे मराठीत, आणि सारे गुरुशिष्यांच्या संवादात. शिष्य भाबडा नाही. तो शंका काढतो, पुरावा मागतो, उत्तर पटले नाही तर पुन्हा विचारतो. कोर्टात आयुष्याची काही वर्षे घातलेल्या माणसालाच असा शिष्य निर्माण करता येतो.

बडोद्यात भातखंड्यांचे म्हणणे असे होते की प्राचीन श्रुतींचा आजच्या रागांशी धागा जोडून दाखविण्याइतका पुरावा शिल्लक नाही. राग ओळखायला आणि शिकवायला बारा स्वर पुरतात. त्यांचे दहा थाट त्याच बारा स्वरांवर उभे आहेत. श्रुतींच्या पेटीने जमलेल्या जाणत्यांचे समाधान झाले नाही. देवल-क्लेमंट्स पक्ष तेथे हरला असेच म्हणावे लागते. त्याच वर्षी धाकटे देवलही गेले.

येथे माझा कल कोणाकडे, हे सांगून टाकतो. भातखंड्यांचा कायदा पक्का होता. शिकवणाऱ्याला बावीस दगडांपेक्षा बारा दगड बरे, हे मी मास्तर म्हणून जाणतो. ग्वाल्हेरला १९१८ साली आणि लखनौला १९२६ साली जी विद्यालये उभी राहिली, ती या सुटसुटीतपणाच्या बळावरच शेकडो मुलांना शिकवू शकली. पण पुरावा नाही म्हणून गोष्टच नाही, असे कोर्टात चालते, गाण्यात चालत नाही. तंबोऱ्यातून गांधार ऐकू येतच होता. त्याला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे कोण करणार?

विलिंग्डन कॉलेज हकीकतीत येते ते येथे. बडोद्यानंतर तीनच वर्षांनी ते निघाले. पहिले प्राचार्य गोविंद चिमणाजी भाटे. त्यांनी अर्थशास्त्रावर लिहिले, तत्त्वज्ञानावर लिहिले, प्रवासवर्णने लिहिली, आणि १९३९ साली अर्वाचीन मराठी वाङ्मयाचा इतिहास इंग्रजीत लिहिला. आज असा माणूस नोकरीला आला तर त्याला प्रथम विचारतील, तुमचा विषय कोणता? त्या आवारात रामचंद्र दत्तात्रेय रानडे, म्हणजे भक्तांचे गुरुदेव रानडे, यांनीही काही काळ तत्त्वज्ञान शिकविले. पुढे ते अलाहाबाद विद्यापीठात गेले आणि तेथे कुलगुरू झाले. १९२६ च्या आपल्या उपनिषदांवरील ग्रंथात साधकाला येणाऱ्या अनुभवांचा विचार करताना त्यांनी रूप, रंग आणि प्रकाश यांच्याबरोबर नादालाही जागा दिली आहे. न वाजवता ऐकू येणारा नाद हा त्यांच्या दृष्टीने भोळ्या भाविकाचा भास नव्हता, तपासून पाहावा असा अनुभव होता. न छेडलेला गांधार ऐकणाऱ्या गवयांच्या मुलखातच ते शिकवीत होते, हे मला कधी विसरता येत नाही.

आणि त्याच कॉलेजात दुसरे रानडे. या रानड्यांना भक्त नाहीत, म्हणून ते अधिक सांगण्याजोगे. गणेश हरी रानडे पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक होते आणि गाणारेही होते. मोजणारा वेगळा आणि गाणारा वेगळा, ही देवलांची अडचण यांना नव्हती. यंत्र आणि गळा एकाच माणसाचा. 'संगीताचे आत्मचरित्र' हे त्यांचे मराठी पुस्तक, आणि सांगलीहून निघालेले इंग्रजी पुस्तक 'हिंदुस्थानी म्युझिक : अ‍ॅन आउटलाइन ऑफ इट्स फिजिक्स अँड ईस्थेटिक्स'. हिंदुस्थानी संगीताच्या पदार्थविज्ञानाची आणि सौंदर्यशास्त्राची रूपरेषा. नावातल्या 'आणि' या अक्षरांवर माझा जीव आहे. देवलांच्या पुस्तकाच्या नावात नुसते सप्तक आणि श्रुती होत्या, म्हणजे माप. रानड्यांच्या नावात मापाशेजारी सौंदर्य येऊन बसले. स्वर किती आंदोलनांचा, हे सांगून झाल्यावरही तो गोड का लागतो हा प्रश्न उरतोच, आणि तो आपला प्रांत नव्हे असे म्हणून त्यांनी दार लावून घेतले नाही. पुढे ते पुण्याला फर्गसनमध्ये गेले. महाराष्ट्रातील संगीतावरचे त्यांचे छोटे इंग्रजी पुस्तक १९६७ साली दिल्लीच्या महाराष्ट्र परिचय केंद्राने काढले.

'तो आपला प्रांत नव्हे' हे वाक्य मी दर जून महिन्यात ऐकतो. पालक येतात. पोराला गणित आवडते आणि तबलाही आवडतो, तर यातले काय सोडू द्यावे, म्हणून विचारतात. काय धरावे असे कोणी विचारत नाही. त्यांना मी भाट्यांचे, रानड्यांचे सांगू लागतो, तर ते घड्याळ पाहतात. त्यांचे चुकते असेही मला म्हणवत नाही. देवल सरकारी नोकरीत होते, क्लेमंट्स साहेबच होते, भातखंड्यांना वकिलीचा आधार होता. पोटाची सोय झाल्यावर गांधार शोधणे निराळे. पण खाँसाहेबांचे काय? त्यांच्या पदरी ना पेन्शन ना पदवी, आणि तरी आपला गळा त्यांनी तारेशेजारी मोजायला दिला. आपले ज्ञान दुसऱ्याच्या पट्टीवर उतरू देणे हे मोजण्याहून अवघड काम आहे. या साऱ्यांत त्यांचे धाडस मला मोठे वाटते. १९३७ साली मद्रासकडच्या प्रवासात एका स्टेशनावर त्यांनी देह ठेवला. मिरजेच्या दर्ग्यात त्यांची कबर आहे, आणि तेथे दरवर्षी गवई येऊन गातात.

खटला मात्र मिटला नव्हता. १९४० साली आकाशवाणीने हार्मोनियमला दार बंद केले. कारण तेच, बारा बंद पट्ट्या आणि त्यांत न मावणारे आपले स्वर. तीस वर्षांहून अधिक काळ पेटी रेडिओबाहेर उभी राहिली. १९७१ साली दार उघडले. दरम्यान १९६३ साली जैरजभॉय आणि स्टोन या दोघा अभ्यासकांनी उत्तर हिंदुस्थानी वादकांच्या ध्वनिमुद्रणांची यंत्राने मोजणी करून लंडनहून एक निबंध प्रसिद्ध केला. निष्कर्ष असा निघाला की एकच स्वर निरनिराळे कलावंत निरनिराळ्या जागी लावतात. इतकेच काय, एकच कलावंत एकाच बैठकीत तो थोडा वर-खाली करतो. म्हणजे हद्दीचा दगड देवलांनी पुरला त्या जागी नव्हता, आणि क्लेमंट्स साहेबांनी पट्टी बसविली त्या जागीही नव्हता. पण बारा घरांत सारे मावते हेही खरे नव्हते. गांधाराला ठिकाण आहे, पण तो घरात बसून राहत नाही. वरून खाली येताना एक, खालून वर जाताना दुसरा, आणि थांबला की तंबोरा त्याला आपल्या स्वयंभू जागेकडे ओढतो.

तिसऱ्या रानड्यांची गोष्ट विश्रामबागेची नाही, पण ती सांगितल्यावाचून राहवत नाही. डॉ. अशोक दामोदर रानडे, जन्म १९३७ चा, खाँसाहेब गेले त्याच वर्षीचा. कायद्याची पदवी, इंग्रजी आणि मराठी वाङ्मयाच्या उच्च पदव्या, आणि गजाननबुवा जोशांकडे गाण्याची तालीम. मुंबई विद्यापीठाच्या संगीत केंद्राचे ते १९६८ पासून संचालक होते. भातखंड्यांप्रमाणे वकिलीची विद्या त्यांच्याही गाठीला होती, पण त्यांनी तिचा उपयोग निराळा केला. पुरावा म्हणजे फक्त ग्रंथ आणि फक्त राग, ही अट त्यांनी काढून टाकली. आदिवासींचे संगीत, लोकसंगीत, भक्तिसंगीत, जनसंगीत, कलासंगीत अशा कोटी पाडून प्रत्येकीला तिच्या न्यायाने तपासले पाहिजे, असे त्यांनी मांडले. नाटकातल्या नटाचा आवाज हाही त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. जात्यावरच्या ओवीतला गांधार मोजायला बडोद्याच्या परिषदेत कोणी गेले नव्हते. २०११ साली ते वारले.

आज पेटी साऱ्या मैफलींत आहे. डॉ. विद्याधर ओक यांनी तर बावीस श्रुतींची पेटी नव्याने घडविली आहे, आणि तेही पेशाने वैद्यकातले. परंतु बहुतेक ठिकाणी दिसते ती बारा पट्ट्यांचीच. साथीला बसलेला पेटीवाला जाणता असेल तर त्याच्या हाताकडे बघावे. गवई यमनात गांधारावर येऊन उभा राहिला, दोन्ही तंबोरे लागलेले असले, की तो जाणता माणूस भाता हलका करतो आणि त्या पट्टीवरचे बोट अलगद उचलून घेतो.